भीती न लपवणाऱ्या बोरोले मॅडम

प्रा. मंदाकिनी बोरोले यांची आणि माझी पहिली भेट प्रवेशाच्या दिवसांत झाली, जळगावच्या आमच्या महाविद्यालयातल्या जिमखान्याच्या व्हरांड्यात. मी असोद्याची. नुकतीच बारावी झाले होते. विज्ञान शाखेच्या खिडकीपुढे लांबलचक रांग होती, म्हणून उन्हाने हैराण झालेले माझे बाबा सावली शोधत त्या व्हरांड्यात येऊन टेकले. तिथे एका टेबलामागे आखूड केसांच्या, ट्रॅकसूट घातलेल्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. मागे फलक होता: ‘मैदानी नेतृत्व व साहस शिक्षण – तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम’. त्यांच्यापुढे रांग नव्हती.

बाबांनी सहज विचारलं, “हे काय शिकवतात मॅडम?”

“माणसांना डोंगरात, जंगलात, पाण्यावर न्यायचं आणि परत आणायचं.”

“त्याच्यात शिकायचं काय?”

“परत आणायचं,” त्या म्हणाल्या.

प्रवेश हवे असलेला दुसरा कुणी प्राध्यापक असता, तर त्याने यापुढे अभ्यासक्रमाची थोरवी गायली असती. मॅडमनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि या शिक्षणात काय काय होऊ शकतं ते सांगायला सुरुवात केली. पोरगी घसरून पडू शकते. आग्या मोहोळ उठू शकतं. साप आहेत, ऊन लागणं आहे, ओढ्याला अचानक येणारं पाणी आहे. बाबांचा चेहरा उतरत गेला.

“मंग कोनी पोरगी धाडते का इथी?” त्यांनी विचारलं.

“फार थोडे पाठवतात. पण जे पाठवतात त्यांच्यापासून मी काही लपवलेलं नसतं.”

 असोद्याला परतताना बसमध्ये मी त्या बाईंच्याच विचारात होते. मी घाबरट मुलगी. परीक्षेला घाबरायची, विहिरीला घाबरायची, वर्गात उभं राहून बोलायला घाबरायची. मोठ्या माणसांकडून आजवर एकच ऐकलं होतं: ‘त्याच्यात काय घाबरायचं?’ घाबरण्यासारखं काय आहे हे नीट समजावून सांगणारं मोठं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. आठवडाभर मी घरात हट्ट धरला. शेवटी आई म्हणाली, “जाऊ द्या तिले. ती बाई खोटं बोलनारी दिसत नाही.”

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि आईचं ते वाक्य सगळ्यात आधी आठवलं.

मॅडमचं बालपण वरणगावला, कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. काम हातात घेण्याआधी त्यात काय बिघडू शकतं याचा विचार करायचा, ही त्या घराची रीतच होती. अगदी स्टोव्ह पेटवण्याआधीसुद्धा, असं मॅडम हसून सांगतात. पुढे एन.सी.सी., मग उत्तरेत जाऊन केलेलं गिर्यारोहणाचं शिक्षण, मग धुळ्याच्या एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षिकेची नोकरी. त्या काळात सहलीला गेलेल्या मुलांच्या अपघाताच्या बातम्या वाचून त्या अस्वस्थ व्हायच्या. मुलांना घेऊन जाणारे शिक्षक वाईट नसायचे, त्यांना फक्त कुणी काही शिकवलेलं नसायचं. डॉक्टर व्हायला शिकावं लागतं, बस चालवायला शिकावं लागतं, मग चाळीस पोरांना जंगलात न्यायला शिकायला नको? हा प्रश्न घेऊन त्या विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. अभ्यासक्रम मंजूर होईपर्यंत त्यांच्या केसांत पांढऱ्या तारा आल्या होत्या. तरी गावात त्याला ‘भटकायचा कोर्स’च म्हणत.

आम्ही भटकलो हे खरं. पण त्याआधी हवामान शिकलो, नकाशा शिकलो, प्रथमोपचार शिकलो. दमलेलं, उपाशी, घाबरलेलं माणूस कसं वागतं हे शिकलो. मॅडमच्या मते हा सगळ्यांत अवघड विषय होता.

पहिल्या वर्षी धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर आम्हाला दोरावरून कडा उतरायचा होता. प्रवीण नावाचा वर्गमित्र सर्वांत पुढे आला. तो शिरपूरकडच्या खेड्यातला, तापीत पोहून मोठा झालेला, अंगापिंडाने दणकट.

“भीती वाटते?” मॅडमनी विचारलं.

“अजिबात नाही, मॅडम.”

मॅडमनी त्याच्या कमरेचा पट्टा सोडला आणि त्याला मागे उभं केलं. माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारला.  मी म्हटलं, “खूप.”

“कशाची? नीट सांग.”

“दोर तुटेल याची. आणि खाली बघून चक्कर येईल याची.”

“दोर कशाला बांधलाय, बघून ये. हाताने ओढून बघ. आणि चक्कर आली तर काय करायचं ते मला आधी सांग.”

ते सगळं करून मी उतरले. प्रवीणला त्यांनी सगळ्यांत शेवटी उतरवलं, तेही त्याने ‘दगड सुटून डोक्यात पडेल याची भीती वाटते’ असं कबूल केल्यावर. तेव्हा तो चिडला होता. आम्ही हसलो होतो.

आता मी दुसऱ्या वर्षाच्या त्या शिबिराविषयी लिहिते. गौरवलेखात असं काही लिहू नये, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “ते नाही लिहिलंस तर बाकीचं कशाला लिहितेस?”

पावसाळा सरत आला होता. यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शिबिर होतं. रोज एक विद्यार्थी गटाचा नेता व्हायचा आणि मॅडम मागून चालत नुसतं पाहायच्या. त्या दिवशी नेता प्रवीण होता. आकाश स्वच्छ होतं, ऊन तापलं होतं. वाटेत एक रुंद नाला आला. घोट्याएवढं नितळ पाणी, मध्ये मोठाले खडक. प्रवीणने एकेकीला, एकेकाला सोडायला सुरुवात केली. मी आणि हेमलता पाटील मधल्या एका खडकापाशी पोचलो. हेमलताच्या बुटात खडा गेला म्हणून ती खडकावर बसली आणि मी तिच्यासाठी थांबले.

आधी पाण्यावरून पाचोळा आला. मग फेस. पाण्याचा रंग पाहता पाहता चहासारखा झाला. मला काही उमगेना. तेवढ्यात काठावरून मॅडमची शिट्टी ऐकू आली. एवढ्या जोरात वाजलेली शिट्टी मी आजवर ऐकली नाही. आणि शिट्टीच्या मागोमाग वरच्या वळणाकडून घरघर आली, भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर यावेत तशी.

आम्हाला काठ गाठता आला नाही. आम्ही खडकावर चढलो आणि क्षणात दोन्ही बाजूंनी पाणी गेलं. वर, मध्य प्रदेशच्या बाजूच्या डोंगरात कोसळलेला पाऊस आमच्या कोरड्या आकाशाखालून खाली आला होता.

त्या खडकावरची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. तिला आवाज होता. पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटत होते आणि त्याचा हादरा आमच्या पायांतून पोटात जात होता. हेमलताने माझ्या दंडात नखं रुतवली होती. पाणी खडकाच्या माथ्याशी आलं. मग आमच्या पावलांवरून वाहायला लागलं. काठ इतका जवळ होता की मुलांचे चेहरे ओळखू येत होते. एकच विचार मनात घुमत होता: उडी मार. चार हात मारले की काठ. उडी मार.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या काठावर सगळ्यांच्या पुढे आल्या होत्या आणि दोन्ही तळवे खाली दाबत होत्या. बसा. हाक ऐकू न आल्यास करायच्या खुणांमधली ही एक. आम्ही बसलो. पाणी मांडीपर्यंत आलं, पण बसल्यावर ते आम्हाला ढकलू शकत नव्हतं.

काठावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. प्रवीणने कमरेला दोर बांधला होता. शहरी बोली विसरून तो ओरडत होता, “मॅडम, मी जास! माले पोहता येस! त्या वाही जातीन!”

मॅडमनी त्याची कॉलर धरली. “नाही.”

“मन्हामुळे गयात त्या! माले जाऊ द्या!”

“प्रवीण, मागे बघ. तू पाण्यात गेलास की तुझ्यामागे अजून चार जण उतरतील. बघ त्यांच्याकडे. तुझं काम तिकडे आहे.”

प्रवीणने मागे पाहिलं. दोन मुलं बूट काढत होती. एक मुलगी रडत पाण्याच्या कडेला आली होती. तो वळला आणि त्याने सगळ्यांना वर उंचवट्यावर नेलं. मॅडमनी दोघांना जवळच्या पाड्यावर मदत आणायला पिटाळलं, तिघांना खालच्या वळणावर दोर घेऊन उभं केलं, आम्ही वाहून गेलोच तर फेकायला. स्वतः मात्र त्या आमच्यासमोरून हलल्या नाहीत. काठावरच्या एका धोंड्यावर, आम्हाला दिसतील अशा बसल्या. आम्ही उठायला लागलो की त्यांचे तळवे खाली यायचे. एकदा झाडाचा एक ओंडका येऊन आमच्या खडकावर आदळला आणि हेमलता किंचाळून उभी राहिली. मॅडमही उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या उडी टाकतात. त्या पुन्हा बसल्या. मी हेमलताला ओढून खाली बसवलं.

पाड्यावरची माणसं बांबू नि दोर घेऊन आली. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा मॅडमजवळ येऊन म्हणाले, “अक्का, पानी उतरी जाई. पन आज वर लई पडेल दिसस. आखो एक लोंढा ई शकस.” म्हणजे उतार लागला तरी घाई करायची नव्हती. मॅडमनी मान हलवली. दुसरा लोंढा आला, पण पहिल्याएवढा नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग एकेक धोंडा डोकं वर काढायला लागला, आणि दोराच्या आधाराने पाड्यावरच्या माणसांनी आम्हाला काठावर घेतलं.

मॅडमनी आम्हाला मिठी मारली नाही. आधी आमचे तळपाय पाहिले, नखं पाहिली, डोळ्यांत पाहिलं, नाव विचारलं, गाव विचारलं. गूळ खायला दिला. आमच्या अंगावर कोरड्या चादरी आल्यावर त्या सागाच्या झाडामागे गेल्या. तिथे त्यांना उलटी होताना मी पाहिलं. परतल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “मलाही फार भीती वाटली,” सगळ्या वर्गासमोर त्या म्हणाल्या. “आज ज्यांना रडायचंय त्यांनी रडून घ्या.” सगळ्यांत जास्त प्रवीण रडला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आम्हाला स्वतः घरी सोडायला आल्या. आधी वरणगावच्या वाटेवर हेमलताचं घर, मग असोदा. कुणाच्या तोंडून उडत बातमी जाण्याआधी त्यांना स्वतः सांगायचं होतं. बाबा केळीच्या बागेतून हात धुऊन आले. मॅडमनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “मी सकाळी इथल्या पावसाचा अंदाज पाहिला होता. वरच्या डोंगरात काय चाललंय याची चौकशी केली नाही. ती माझी चूक. त्या पोराची नाही, तुमच्या मुलीची नाही.”

 बाबांचा आवाज चढला. “तुमी पयल्या दिवशी सांगेल व्हतं, मान्य हाये. पन सांगनं वेगयं अन् पोरगी पान्यात बसेल असनं वेगयं, मॅडम! आमची येकच पोरगी हाये!”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने खालच्या आवाजात विचारलं, “तुमाले पोहता येते ना? मंग तुमी का नाही गेल्या तिले काढाले?”

हा प्रश्न खडकावर बसून मीही मनात विचारला होता.

मॅडमचे डोळे भरले. “गेले असते तर मला बरं वाटलं असतं, ताई. बसून राहणं फार कठीण होतं. पण मी वाहून गेले असते तर तुमच्या पोरीला बसून राहा म्हणून सांगायला कुणी उरलं नसतं.”

आईने आत जाऊन चहा ठेवला. बाबांनी मात्र स्पष्ट सांगितलं की पोरगी आता घरीच राहील.

महाविद्यालयात चौकशी झाली. मॅडमनी तिथेही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. वर्षभर शिबिरांची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. अभ्यासक्रम बंदच करावा असाही सूर होता. मॅडम रोज येऊन वर्गात शिकवत राहिल्या. त्या वर्षात त्यांनी डोंगरापलीकडच्या गावांत जाऊन माणसं जोडली. आजही सातपुड्यात गट निघण्याआधी वरच्या गावांतल्या कुणाला तरी फोन करून ‘तुमच्याकडे ढग आहेत का?’ असं विचारल्याशिवाय आमच्यापैकी कुणी नाला ओलांडत नाही.

मी घरी होते, पण नुसती घरी नव्हते. शेतातली मोटार सुरू होऊन पाटाला पाणी आलं की माझ्या कानांत ती घरघर घुमायची. अंघोळीला बसले तरी धडधड व्हायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मॅडम एका रविवारी बसने आल्या. ‘कॉलेजला ये’ असा एक शब्दही त्यांनी काढला नाही. आईला म्हणाल्या, “ताई, हिला घेऊन जरा तापीकाठी जाऊन येऊ. तुम्हीही चला.” आम्ही तिघी भुसावळच्या बाजूला गेलो आणि पाण्यापासून कितीतरी लांब, बाभळीखाली बसलो.

“आज फक्त आवाज ऐकायचा,” मॅडम म्हणाल्या. “नको वाटलं की उठायचं.”

मी लगेच उठले. त्यांनी अडवलं नाही. पुढच्या रविवारी थोडी जास्त बसले. कधी आई डबा घ्यायची, भरीत-भाकरी आणि ठेचा. आई आणि मॅडम गप्पा मारायच्या आणि मी पाण्याकडे पाठ करून ऐकायची. मग एकदा तोंड करून बसले. मग एकदा पावलं बुडवली आणि आईचा हात धरून रडले. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. नोकरी धोक्यात असताना, बदनामी होत असताना ही बाई दर रविवारी एका मुलीच्या कानातला आवाज घालवायला येत होती. शेवटी बाबाच म्हणाले, “आता काय घरी बसवू तुले? जाय. पन ती बाई असेन तंवरच.”

या शिक्षणाने पुढे काय मिळतं, हा प्रश्न आम्हा सर्वांच्या घरी विचारला गेला. मॅडम खोटी आशा दाखवत नसत. सरकारी नोकरीची हमी नाही, सुरुवातीला पगार बेताचा, सणावाराला घरी असाल असं नाही, हे त्या पहिल्याच तासाला सांगत. आज हेमलता धुळ्याच्या एका शाळेत मैदानी शिक्षण शिकवते. तिच्या मुलांची सहल निघते तेव्हा गाडीत बसण्याआधी ती पालकांना सगळे धोके वाचून दाखवते. कुणी वनपर्यटनात आहे, कुणी तोरणमाळला पर्यटकांचे गट नेतं, कुणी हिमालयात प्रशिक्षक आहे. प्रवीण पुरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकांना शिकवतो आणि काठावर कसं थांबायचं यापासून त्याचा पहिला धडा सुरू होतो.

मी साक्री तालुक्यातल्या पठारावर पवनचक्क्यांवर चढणाऱ्या कामगारांना उंचीवरची सुरक्षितता आणि सुटका शिकवते. वाऱ्यात तो मनोरा डोलतो. दर वेळी शिडीला हात लावताना मला भीती वाटते. गेल्या वर्षी एक तंत्रज्ञ अर्ध्या शिडीवर गोठला. हात सुटेनात, पाय हलेनात. खालून सगळे ओरडत होते, ‘घाबरू नको!’ मी सगळ्यांना गप्प केलं, चढून त्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिले आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारलं. तो सांगत गेला. सांगता सांगता त्याचा एक हात सुटला, मग दुसरा. आम्ही पायरीपायरीने खाली आलो. जमिनीवर आल्यावर मी सगळ्यांसमोर खाली बसले आणि मलाही भीती वाटली होती असं सांगितलं.

या हिवाळ्यात मॅडमच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आम्ही जळगावच्या रुग्णालयाच्या जिन्यात उभे होतो, खडकांवर आणि मनोऱ्यांवर चढणारी माणसं, एका दाराकडे डोळे लावून. आत जाण्याआधी मॅडमनी डॉक्टरांना विचारलं, “काय काय चुकू शकतं ते आधी सांगा.” डॉक्टर आधी हसले, मग शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. स्ट्रेचर हलताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण त्या काही तासांत मला जेवढी भीती वाटली तेवढी स्वतःसाठी कधीच वाटली नव्हती.

आता मॅडम सकाळी मेहरूण तलावाकाठी सावकाश फेरी मारतात. निवृत्तीनंतर मुलींसाठी शिबिरं घ्यायचा त्यांचा बेत आहे आणि डॉक्टरांना तो अजून सांगितलेला नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टरांना ओळखत असाल तर कृपया हे त्यांच्या कानावर घालावं.

आमच्यापैकी कुणी ना कुणी रोज एखाद्या कड्यावर, मनोऱ्यावर किंवा पुराच्या काठावर उभं असतं. काम संपलं, माणसं सुखरूप खाली आली की संध्याकाळी घरी कळवण्याआधी आम्ही एक फोन लावतो. “मॅडम, उतरलो सगळे.” पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज येतो आणि मग त्या विचारतात, “जेवलीस?” हा फोन उचलायला त्या पुढची खूप खूप वर्षं असाव्यात. त्यांचं हृदय शांत चालत राहो, गुडघे साथ देत राहोत, झोप गाढ लागो. आणि आमच्यापैकी प्रत्येकाची संध्याकाळ त्यांना तीच बातमी देणारी असो.